संगणक आणि आपण : सोमवारच्या मीटिंगचे नऊ चार्ट

प्रश्न : भांडुपच्या एका औषध वितरकाकडे मी एमआयएसचं, म्हणजे आकड्यांचे अहवाल बनवायचं, काम करते. दर सोमवारी सकाळी दहाला साहेब विक्रीची मीटिंग घेतात. त्यासाठी बिगक्वेरी या गूगलच्या ऑनलाइन डेटासाठ्यातून आकडे काढायचे, त्यांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) डाउनलोड करायची, गूगल शीटमध्ये चिकटवायची, नऊ चार्ट सरळ करायचे आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट स्लाइडवर टाकायचा. रविवारची संध्याकाळ यातच जाते. हे सगळं आपोआप होतं म्हणे. माझं बी.कॉम. झालंय, पिव्हट आणि व्हीलुकअप येतं, प्रोग्रामिंग नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी ते स्क्रीनशॉट बंद करा. स्क्रिप्टचं, म्हणजे छोट्या प्रोग्रामचं, नंतर बघू. चार्ट शीटमधून कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केलात की स्प्रेडशीटशी जोडलेला ठेवायचा का, असं गूगल विचारतं. हो म्हणा. पुढच्या वेळी शीटमधले आकडे बदलले की चार्टच्या कोपऱ्यात 'अपडेट'चं बटण दिसेल. नऊ चार्ट, नऊ क्लिक. रविवारचा बराचसा वेळ इथेच सुटला.

उरलेल्या कामाला ॲप्स स्क्रिप्ट. शीटच्या 'एक्स्टेंशन्स' मेनूतच ती बसलेली असते. 2009 पासून आहे, भाषा जावास्क्रिप्ट. त्यात बिगक्वेरीची सेवा वेगळी जोडून घ्यावी लागते आणि डेटा वाचायची परवानगी तुमच्या आयटीवाल्यांकडून. मग क्वेरी (डेटाला विचारायचा लेखी प्रश्न) चालवायची, उत्तर 'डेटा' नावाच्या पानावर ओतायचं, चार्ट ताजे करायचे, साहेबांना मेल करायचा. पन्नासेक ओळींचं काम. ओळी लिहून देणारं कुणी ना कुणी भेटतं, आजकाल एआयही देतं. पण पाय कुठे घसरतो, ते घसरलेल्यालाच विचारावं.

मी मस्जिद बंदरच्या एका घाऊक किराणा पेढीत अशीच स्क्रिप्ट लावली होती. ट्रिगर, म्हणजे ती आपोआप सुरू व्हायची वेळ, पहाटे 4 ते 5. (ट्रिगर नेमक्या मिनिटाला वाजत नाही, त्या तासात केव्हातरी वाजतो.) क्वेरीत लिहिलं होतं, आजच्या आधीचे सात दिवस. आता गंमत बघा. बिगक्वेरीला 'आज' विचारलं आणि जागा सांगितली नाही, तर ती यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, आज सांगते. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे सोमवारी पहाटे साडेचारला तिच्या लेखी अजून रविवारच्या रात्रीचे अकरा. झालं! ताजा रविवार बाहेर आणि त्याच्या जागी मागचा रविवार आत. सात दिवस ते सातच, बेरीजही दिसायला ठीक, चार्ट तर देखणे. तीन आठवडे कुणालाही पत्ता नाही. मग गणपतीच्या आधीच्या रविवारी गोडाऊन रिकामं झालं आणि सोमवारी शेठजींनी स्लाइडकडे बघून विचारलं, "काल एवढा माल गेला, तो कुठाय यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्वेरीत तारखेच्या कंसात 'एशिया/कोलकाता' लिहायचं राहिलं होतं, बस. तुम्ही लिहा. स्क्रिप्टच्या सेटिंगमधला टाइमझोन वेगळा असतो, तोही तपासा.

दुसरा खड्डा याहून लबाड. समजा, मागच्या आठवड्यात 212 ओळी आल्या, या आठवड्यात 198. स्क्रिप्टने नवे आकडे जुन्यांवर लिहिले, तर खालच्या 14 ओळी जुन्याच राहतात आणि बेरजेत गुपचूप मिसळतात. म्हणून ओतण्याआधी पान पुसायचं. मात्र क्वेरीचं उत्तर हातात आल्यावरच पुसा. आधी पुसलं आणि क्वेरी फसली, तर साहेबांसमोर कोरे चार्ट जातील. त्या 'डेटा' पानावर हाताने एक अंकही लिहू नका. शेरे, रंग, साहेबांची 'जरा हे पण दाखव' वगैरे दुसऱ्या पानावर.

स्लाइडवर तारीख, एकूण विक्री असे शब्द बदलायचे असतील, तर त्या जागी दुहेरी महिरपी कंसात खुणेचा शब्द ठेवतात आणि स्क्रिप्ट तो बदलते. एकदा बदलला की खूण संपली, पुढच्या सोमवारी बदलायला काहीच नाही. त्यामुळे मूळ प्रेझेंटेशन साचा म्हणून बाजूला ठेवायचं आणि दर आठवड्याला त्याची प्रत काढायची. प्रतीतले चार्ट मात्र त्याच शीटला जोडलेले राहतात. दोन महिन्यांनी कुणी जुनी प्रत उघडून 'अपडेट' दाबलं, तर जुन्या तारखेखाली नवे आकडे! म्हणून मीटिंगला गेलेल्या प्रतीची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा.

खर्चाचं म्हणाल, तर बिगक्वेरी किती डेटा वाचला यावर पैसे लावते. नेहमीच्या दरपद्धतीत महिन्याला पहिला 1 टीबी फुकट. सगळे कॉलम मागवून शेवटी 'फक्त 100 ओळी दे' म्हटल्याने सहसा बिल कमी होत नाही. लागतील तेवढेच कॉलम मागा. एक स्क्रिप्ट एका दमात 6 मिनिटंच चालते, पण नऊ चार्टांना एवढा वेळ लागू नये.

आणि पहिल्या स्लाइडवर 'आकडे अमुक तारखेपर्यंतचे' अशी ओळ टाका. ती तारीख घड्याळातून घेऊ नका, डेटातल्या शेवटच्या बिलावरून घ्या. माझ्या स्लाइडवर ती असती, तर शेठजींसमोर मान खाली घालावी लागली नसती. सोमवारी भांडुप येईपर्यंत मोबाइलवर तेवढं बघून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे गूगल नाही, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच आहे. मग?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : एक्सेल 2016 पासून पॉवर क्वेरी आतच आहे, 'डेटा' टॅबवर बघा. फाइलमधून किंवा डेटाबेसमधून ती आकडे ओढते, पुढच्या वेळी फक्त 'रिफ्रेश ऑल'. स्क्रिप्टचीही गरज नाही. चार्ट पॉवरपॉइंटमध्ये लिंक ठेवून पेस्ट करा. फाइल हलवली की मात्र लिंक तुटते, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत फोल्डरांना हात लावू नका.