धंद्यातल्या बायका कंडोमशिवाय गिऱ्हाईक घेत नाहीत म्हणतात, मग रक्तात गरमी कशी निघते?

तुम्ही लिहिलंय की वस्तीतल्या शिबिरात बाईनं "कंडोमशिवाय बसतच नाही" असं छातीठोक सांगितलं आणि तिचा सिफिलिसचा, म्हणजे गरमीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे ती खोटं बोलली का? सांगली-मिरजेकडे समुपदेशक म्हणून काम करताना पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. ती खरं बोलत होती. माझंच विचारायचं चुकत होतं.

"गिऱ्हाईक" म्हटलं की त्यात तिचा "मालक" येतच नाही. मालक म्हणजे तिचा कायमचा माणूस. लग्न झालेलं नसलं तरी ती त्याच्या नावानं कुंकू लावते, आजारपणात त्याचं करते. त्याच्याशी कंडोम वापरायचा म्हणजे त्यालाही गिऱ्हाइकांच्या रांगेत बसवायचं. "मग त्यानं पण पैसे टाकून जावं का?" असं एका ताईनं मला विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा मालक बाहेरही जातो, तिकडून दुखणं आणतो. तिला औषध दिलं आणि त्याला नाही, तर महिन्याभरात ती पुन्हा आजारी. म्हणून आता मी आधी विचारते, "घरच्या माणसाशी वापरता का?"

दुसरं, परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधातून लागणारे रोग झालेल्या बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही. अंगावरून पांढरं जाईल तेव्हा बघू म्हणून थांबलं तर उशीर होतो. त्यासाठीच सरकारी कार्यक्रमात दर 3 महिन्यांनी तपासणी आणि दर 6 महिन्यांनी एचआयव्ही, सिफिलिसची चाचणी ठेवली आहे. लवकर सापडलेली गरमी बेंझाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या एकाच डोसात बरी होते. याउलट, रोज साबणानं किंवा डेटॉलनं आतून धुण्यानं रोग टळत नाही, उलट आतली त्वचा सोलवटते. खोबरेल तेल लावलं तर कंडोम फाटतो. फाटलाच, तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 28 दिवस घ्याव्या लागतात.

आणि हे सगळं एकटीच्या बळावर होत नाही. एकीनं नकार दिला आणि शेजारच्या दारात गिऱ्हाइकाला हवं ते मिळालं, तर त्या रात्री पहिलीची चूल पेटत नाही. सांगलीत 1992 पासून "संग्राम" या संस्थेनं कंडोम वाटायचं काम बायकांच्याच हातात दिलं, त्यातून 1996 मध्ये "वेश्या अन्याय मुक्ती परिषद" ही या बायकांचीच संघटना उभी राहिली. अख्ख्या गल्लीनं एकच नियम धरला की गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकतं. कोलकात्याच्या सोनागाछी या वस्तीतही हेच घडलं.

पोलिसांच्या भीतीनं कंडोम जवळ न बाळगणाऱ्याही भेटल्या. सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये कंडोम गुन्ह्याचा पुरावा धरू नये असं सांगितलंय, हे तुमच्या शिबिरात आवर्जून सांगा. एका दवाखान्यात आमच्या ताईला "तू शेवटी ये" म्हणून दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, तेव्हापासून ती एकटी जायला तयार नव्हती. पुढच्या वेळी मी तिच्या शेजारी बाकावर बसून राहिले, नंबर येईपर्यंत.

तुमच्या त्या बाईला रिपोर्टबद्दल जाब विचारू नका. तिच्या मालकालाही तपासणीला आणता येईल का, एवढं विचारा. तो एकटा यायला लाजत असेल तर गुप्तरोगांसाठीच्या सरकारी "सुरक्षा क्लिनिक"मध्ये जोडीनं न्या, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.