किरणोपचारात (रेडिओथेरपीत) डोस एका बाजूकडून दुसरीकडे उतरता करण्यासाठी वेज वापरतात. फिजिकल वेज आणि डायनॅमिक वेज यांच्या डोसमध्ये नेमका काय फरक पडतो?

वेजचा कोन (डोसचा उतार किती तिरका हवा ते) तोच असेल तर फील्डच्या (किरण पडतात त्या क्षेत्राच्या) आतला तिरका डोस दोन्हींत जवळपास सारखाच मिळतो. खरा फरक पडतो तो खोलीवरच्या आणि फील्डबाहेरच्या डोसमध्ये, आणि तिथे डायनॅमिक वेज सरस आहे.

फिजिकल वेज म्हणजे शिशाची किंवा पोलादाची पाचर. तिच्यातून जाताना कमी ऊर्जेचे फोटॉन अडतात, उरलेला बीम जास्त भेदक होतो आणि खोलवरचा टक्केवारी डोस (कमाल डोसच्या तुलनेत त्या खोलीवर मिळणारा) थोडा वाढतो. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, बीमच्या ऊर्जेचं माप) बीमला हे स्पष्ट दिसतं, १५ एमव्हीला फारसं नाही. शिवाय पाचर किरण विखुरते. स्तनाच्या उपचारात हे विखुरलेले किरण दुसऱ्या बाजूच्या निरोगी स्तनापर्यंत पोचतात. तरुण रुग्ण असेल तर माझ्या मते निवडीचा सगळ्यात मोठा निकष हाच असावा. डायनॅमिक वेजमध्ये वाटेत पाचर नसतेच. बीम चालू असताना एक जॉ (फील्डची कड ठरवणारा यंत्रातला जाड धातूचा ठोकळा) समोरच्या स्थिर जॉकडे सरकत जातो, त्यामुळे स्थिर जॉलगतच्या भागावर सर्वांत जास्त वेळ किरण पडतात. खोलीवरचा डोस खुल्या (वेज नसलेल्या) फील्डसारखाच राहतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा: डायनॅमिकचा वेज फॅक्टर (वेजसह आणि वेजशिवाय मिळणाऱ्या डोसचं गुणोत्तर) फील्डच्या आकारानुसार बराच बदलतो, फिजिकलचा थोडाच. त्यामुळे १० × १० सेंमीला मोजलेला आकडा इतर फील्डना लावू नका. डायनॅमिक वेजचं प्रोफाइलही (फील्डच्या आडव्या रेषेवरचा डोसचा आलेख) एकच चेंबर (डोस मोजणारं उपकरण) सरकवत मोजता येत नाही, कारण जॉ सरकत असताना डोस सतत बदलत असतो. त्यासाठी डिटेक्टर अ‍ॅरे (एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजणारी डिटेक्टरांची ओळ) किंवा फिल्म घ्या.