पहिल्या रविवारी गॅस बंद

(पत्र थोडक्यात: वय 58, निवृत्त नर्स, नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चच्या सभासद. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. गुरुवारी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना डबे, रविवारी संडे स्कूल, महिला मंडळाचा हिशेब आणि उपासनेनंतरचा चहा. ‘बायबलमधलं मत्तय 11:28 रोज वाचते, पण विसावा काही मिळत नाही. सूनबाई हात लावत नाही, पाळकसाहेब साधं विचारत नाहीत. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. माझा विश्वास कमी पडून राहिला का?’)

जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या चार पानांत सूनबाई दीड पान आहेत आणि पाळकसाहेब एक. त्या दोघांबद्दल मी अक्षरही लिहिणार नाही. मला खटकली ती तुम्ही कंसात टाकलेली एक ओळ: ‘नाताळपासून प्रभुभोजन राहूनच गेलं, पहिल्या रविवारी गर्दी असते, चहाचं पाहावं लागतं.’

काहून, ताई?

आता जून लागला. सहा पहिले रविवार झाले. सहा वेळा आत प्रभूच्या स्मरणाची भाकर मोडली गेली आणि तुम्ही भिंतीपलीकडे आलं कुटत होता. वर मलाच विचारता, विसावा का मिळत नाही! त्या वचनात प्रभू आधी ‘माझ्याकडे या’ म्हणतो, मग ‘मी तुम्हाला विसावा देईन’. तुम्ही तेवढं सोडून पुढचं पाठ केलंय.

झोपेचं आधी निपटवते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून झोपला. देवदूतानं उठवून भाकर-पाणी दिलं, तर खाऊन गडी पुन्हा झोपला. कोणी रागावलं नाही त्याला. रात्रीतून तीनदा सासूबाईंची कूस बदलणाऱ्या बाईला कूलरसमोर डोळा लागला, तर त्यात विश्वासाचा काय प्रश्न? झोपा खुशाल.

पण चहाचं मी सोडणार नाही. तुम्ही वॉर्डात उभी हयात काढलीत. ज्याला कुशीवर वळता येत नाही आणि तरी ‘राहू द्या सिस्टर, माझं मी करतो’ म्हणत स्पंज घेऊ देत नाही, असा पेशंट आठवतो? किती चिडायचात त्याच्यावर! शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्रानं हेच केलं. पाय मागे घेतले, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत म्हणाला. प्रभूनं त्याच्या नम्रतेचं कौतुक केलं नाही. धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सांगितलं. आज तो पेशंट तुम्ही आहात.

शिष्य गावोगाव सेवा करून परतले, तेव्हा माणसांच्या वर्दळीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती, असं बायबलात मार्क लिहितो. येशूनं त्यांना आणखी एक गाव दिलं नाही. एकांतात चला, थोडा विसावा घ्या, म्हणाला. माणसं तिथंही त्यांच्याआधी पोहोचली, ती गोष्ट वेगळी.

माझी आई पाळकाची बायको होती. पाहुण्यांच्या पंगती उठल्या की ओट्यापाशी उभ्यानं भात खायची. आम्ही पोरं त्याला सेवा समजत होतो. आता वाटतं, कोणी पाट मांडून दिला असता तरी ती बसली नसती. बसलं की आपल्यावाचून चाललेलं दिसतं ना! तुमच्या अक्षरात मला तिचं अक्षर दिसलं, म्हणून जरा जास्तच बोलून राहिले.

तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅस पेटवायचा नाही. कोणाला बदली नेमायचं नाही, दूध आणून ठेवायचं नाही. चहा झाला नाही तर लोक घरी जाऊन पितील, सदरमध्ये टपऱ्याही कमी नाहीत. पहिल्या घंटेला आत जायचं आणि पुढून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसायचं, म्हणजे मधूनच उठता येणार नाही. बोलावणं झालं की पुढे जायचं, गुडघे टेकायचे, हात पुढे करायचे. रिकामे. मागून कपांचा आवाज आला तरी मान वळवायची नाही.

डबे, हिशेब, संडे स्कूल यांचं काय, ते मला आत्ता विचारू नका. त्या रविवारनंतर एक पोस्टकार्ड टाका. सूनबाईंविषयी नको. प्रभुभोजनाच्या वेळी कोणतं गीत म्हटलं, तेवढंच लिहा.