वुदरिंग हाइट्समधलं 'वुदरिंग' म्हणजे घोंघावणं का घुमणं?

प्रश्न माझ्या भाचीचा आहे. ती लीड्सला शिकते आणि मागच्या शनिवार-रविवारी तिने रूममेट्सबरोबर एमिली ब्राँटेच्या वुदरिंग हाइट्स या कादंबरीवरची आयटीव्हीवाली सिरीयल बघितली, २००९ची, दोन भागांची, ज्यात टॉम हार्डी हीथक्लिफ झालाय ती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर विचारलं की नावाचा अर्थ काय गं, तर हिने सांगितलं 'वादळी टेकडी', त्यावर बहीण म्हणाली हे तर महाबळेश्वरच्या एखाद्या लॉजचं नाव वाटतंय. मग मला मेसेज आला. "मावशी, वुदरिंगला मराठी शब्द सांग ना, डिक्शनरीतला नको, आपण बोलतो तसला. आणि अख्ख्या सिरीयलमध्ये कोणी एकदाही सांगितलं नाही की वुदरिंग म्हणजे काय, असं कसं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सोपं आहे. सांगणारा माणूसच या सिरीयलमधून काढून टाकलाय! कादंबरी सुरू होते १८०१मध्ये, लॉकवुड नावाचा एक बाहेरगावचा शहरी गृहस्थ तिकडे भाड्याने घर घेऊन राहायला येतो आणि घरमालकाला भेटायला त्या टेकाडावरच्या घरी जातो, तो मालक म्हणजे हीथक्लिफ. पहिल्याच प्रकरणात हा लॉकवुड थांबून वाचकाला समजावतो की वुदरिंग हे इकडच्या लोकांचं बोलीतलं फार अर्थपूर्ण विशेषण आहे, वादळी हवेत या घराभोवती जे काही थैमान चालतं त्याचं वर्णन करणारं. २००९च्या सिरीयलमध्ये लॉकवुड नाहीच, त्यामुळे त्याच्याबरोबर शब्दाचा अर्थपण गेला. मी पण नंतर दोन रात्री बसून बघितली, टॉम हार्डी मला आवडला, आणि मुख्य म्हणजे पुढच्या पिढीची गोष्ट टीव्हीवाल्यांनी ठेवलीये, १९३९च्या प्रसिद्ध सिनेमात ती सरळ कापली होती. पण लॉकवुड गेल्याची चुटपुट लागून राहिली. तो तसा बावळटच आहे, पण शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला तो जवळचा वाटतो. साताऱ्याकडच्या पाटण तालुक्यात गेलेला पुण्याचा माणूस जसा वहीत लिहून घेईल ना, की इकडे याला अमुक म्हणतात बरं का, तसा.

आता शब्द. वुदर हे व्हिदर नावाच्या एका जुन्या शब्दाचं रूप, आणि त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे, तिथे 'ह्विदा' म्हणजे वाऱ्याचा झोत. कादंबरी घडते उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये, तिथे नॉर्स कुठून आली तर नवव्या शतकात डेन्मार्कहून आलेल्या डेन लोकांनी यॉर्क घेतलं आणि तिथेच राहिले, शेती केली, पोरंबाळं झाली, म्हणून त्या भागात ओढ्याला 'बेक' म्हणतात, डोंगराला 'फेल' म्हणतात आणि व्हिटबीसारखी 'बी' शेपटीची गावं आहेत. लंडनच्या वाचकाला १८४७मध्ये पुस्तक आलं तेव्हा हा शब्द परकाच असणार, नाहीतर एमिली ब्राँटेला तो पहिल्याच प्रकरणात समजावून द्यायची गरज पडली नसती. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, एलिस बेल असं टोपणनाव होतं, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात तिशीतच ती गेली. १८५०मध्ये बहीण शार्लटने नवी आवृत्ती काढली त्यात जोसेफ नावाच्या म्हाताऱ्या नोकराची बोली तिने बरीच सोपी केली, का तर बाहेरच्यांना कळत नाही म्हणून. मला याचा राग येतो, पण ते जाऊदे.

उच्चाराचा एक गमतीचा मुद्दा. आपल्याकडे शिकलेले लोक एकमेकांना दुरुस्त करतात की वुदरिंग नाही, वदरिंग म्हण. दक्षिण इंग्लंडच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, पण यॉर्कशरमध्ये 'कप'ला 'कुप'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, 'बस'ला 'बुस'च्या जवळचं, त्यामुळे तिथला माणूस वुदरिंगच म्हणणार. म्हणजे आपण स्पेलिंग बघून जो उच्चार करतो तो चुकून का होईना हीथक्लिफच्या गावचा आहे. भाचीने निर्धास्त वुदरिंग म्हणावं.

हा शब्द नेमका कसा ऐकू येतो हे दुसऱ्या एका पुस्तकात फार छान आलंय, द सीक्रेट गार्डन, १९११चं. त्यातली मेरी हिंदुस्थानात वाढलेली गोरी मुलगी, यॉर्कशरला येते, कामवाली मार्था म्हणते ऐक वारा कसा वुदरतोय घराभोवती, आणि मेरीला शब्द माहीतच नसतो. मग ती कान देऊन ऐकते आणि तिला कळतं की हा असा पोकळ, थरथरणारा आवाज, घराभोवती गोल गोल धावणारा, जणू न दिसणारा कोणी राक्षस भिंतींवर आणि खिडक्यांवर धडका देतोय. म्हणजे तीन गोष्टी लागतात, वारा पाहिजे, आवाज पाहिजे, आणि मध्ये एक घर पाहिजे ज्याच्यावर तो आदळतोय. नुसता वारा सुटला म्हणजे वुदरिंग नाही.

तर मराठीत काय? पहिला शब्द सगळ्यांना सुचतो तो घोंघावणं. (घोंगावणं पण लिहितात, दोन्ही चालतं, त्याच्यावरून भांडू नका.) शब्द चांगला आहे, पण न्यूज चॅनेलवाल्यांनी त्याची पार वाट लावलीये. वादळ समुद्रात शेकडो किलोमीटरवर असतं आणि इकडे अँकर ओरडत असतो की किनारपट्टीवर घोंघावतंय, मग संकट घोंघावतं, महागाई घोंघावते, निवडणूक घोंघावते. त्याचा अर्थ आता 'डोक्यावर येऊन ठेपलंय' असा झालाय, आवाज त्यातून निघूनच गेलाय. शिवाय घोंघावणं म्हटलं की मला फणसावरच्या माशा आठवतात.

सोसाट्याचा म्हटलं तर नुसता वेग कळतो. वारा-वावधान म्हणतात गावाकडे, वावटळ, वावझड, या सगळ्यातलं वाव म्हणजे वाराच, पण वावझडीत पाऊस तिरपा होऊन पडवीत येतो, तो आवाजाचा शब्द नाही, फार तर जोसेफला अंगण झाडताना उपयोगी पडेल. भणाण हा शब्द मात्र मी बराच वेळ धरून बसले होते. भणाण वारा, भणाण माळ, घर कसं भणाण वाटतंय, त्यात वाऱ्याबरोबर ओसाडपणा येतो, एकटेपणा येतो. पण त्या घरात माणसं कमी नाहीयेत हो, उलट नको तेवढी आहेत आणि सगळी एकमेकांच्या उरावर बसलेली.

मग मी तारळ्याला मामीला फोन लावला. तारळ्याहून पाटणला जाताना सडावाघापूर लागतं, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, वर चढलं की सपाट काळा-तांबडा कातळ, त्यालाच तिकडे सडा म्हणतात, पवनचक्क्या, आणि पावसाळ्यात तो उलटा धबधबा, म्हणजे पाणी कड्यावरून खाली पडायला जातं आणि वारा ते उचलून परत वर फेकतो, तोंडावर सपकारे बसतात. तिथली झुडपं सगळी एका बाजूला कललेली, केस मागे ओढून बांधल्यासारखी. (कादंबरीत घराशेजारची खुरटी झाडं अशीच आहेत, एका अंगाला फांद्या ताणून उभी, जणू सूर्याकडे भीक मागतायत. हे वाचलं तेव्हा मला आधी सडाच आठवला होता.) मामीला मी म्हटलं, मामी, आषाढात वर वारं कसं असतं ते एका शब्दात सांगा. ती म्हणाली, "एका शब्दात काय सांगू बाई, सडा नुसता घुमत असतोय बघ. रात्री तर झोप लागत नाही."

घुमत असतोय! आणि बघा, ती वारा घुमतो म्हणाली नाही, सडा घुमतो म्हणाली. इथेच सगळं सुटतं. इंग्रजीत वुदरिंग हे विशेषण वाऱ्याला लावलेलं नाही, जागेला लावलंय, ती उंच जागाच वुदरिंग आहे. मराठीत हे किती क्रियापदांना जमतं ते करून बघा. टेकडी घोंघावते? नाही म्हणता येत. टेकडी सुसाटते? अजिबात नाही. पण घुमणं दोन्हीकडे चालतं, आवाज घुमतो आणि गाभाराही घुमतो, ढोल घुमतात आणि त्यांनी अख्खी आळी घुमते. पारवा घुमतो तो वेगळा, पण तोही पोकळीतलाच, दबलेला, छातीतून येणारा आवाज. मेरीने जो पोकळ थरथरता आवाज ऐकला तो हाच. फक्त हिंदीतलं घूमना डोक्यातून काढा, ते फिरणं झालं, आपल्या घुमण्यात आधी आवाज आहे.

आणि आता खरी मजा. आपल्याकडे अजून काय घुमतं? अंगात आलेली बाई घुमते. आरती चालू असते, एखादी बाई केस मोकळे सोडून डोलायला लागते, हुंकार टाकायला लागते, आणि बाजूच्या बायका म्हणतात घुमायला लागली गं, वारं आलं अंगात. वारं! देवीचं वारं येतं, बाहेरचं वारं लागतं. म्हणजे मराठीत वारा आणि झपाटणं हे एकाच घरात राहतात, क्रियापदही एकच वापरतात. झपाटणं घ्या हवं तर, वाऱ्याचा झपाटा आणि भुताने झपाटणं, तिथेही तेच. (झपाटलेला माथा असं नाव मी खरंच दोन मिनिटं मनात घोळवलं, पण १९९३नंतर झपाटलेला म्हटल्यावर मराठी माणसाला तात्या विंचूच दिसणार, तिथे हीथक्लिफची प्रेयसी, केविलवाणी कॅथरीन, कुठून टिकायला.)

आणि ही कादंबरी दुसरं काय आहे? लॉकवुड बर्फामुळे त्या घरात अडकतो, रात्री खिडकीवर फांदी आपटतेय म्हणून ती धरायला काच फोडून हात बाहेर काढतो तर हातात येतो एक लहानसा गारठलेला हात, आणि बाहेरून मेलेल्या कॅथरीनचा आवाज येतो मला आत घ्या, वीस वर्षं भटकतेय. ते स्वप्न का खरं हे शेवटपर्यंत नीट कळत नाही, पण वारा कुठे संपला आणि भूत कुठे सुरू झालं हे सांगता येऊ नये असंच ते लिहिलंय. कॅथरीन मेल्यावर हीथक्लिफ तिच्यासाठी शांती मागत नाही, उलट तिला विनवतो की मला पछाड, कुठल्याही रूपात ये, वेडा कर मला, फक्त सोडून जाऊ नको. आपल्याकडे घरचे लोक वारं उतरवायला मांत्रिक शोधतात, हा माणूस वारं अंगात यावं म्हणून झाडावर डोकं आपटतो. १९६६चा दिलीप कुमार-वहिदा रहमानचा दिल दिया दर्द लिया याच गोष्टीवरून केला होता, त्यात प्रेम आहे, सूड आहे, प्राण पण आहे, पण हे घुमणं नाही.

राहिलं हाइट्स. माथा म्हणा, घाटमाथा म्हणतोच की आपण. टेकाड जरा किरकोळ वाटतं. पण मला मामीचा सडाच आवडला, कारण ब्राँटेंच्या हॉवर्थ गावामागचा जो मूर आहे त्याला आपण डोळे झाकून माळरान म्हणतो आणि ते चुकतं. माळरान म्हटलं की कोरडं, कुसळांचं, मेंढ्यांचं. मेंढ्या मूरवरही असतात, पण मूर ओला असतो, खाली दलदल, पाय रुतवणारी काळी माती, वर हीथरची खुरटी झुडपं, जी ऑगस्टमध्ये जांभळी होतात. (हीथक्लिफच्या नावातला हीथ तोच.) आपला सडा आठ महिने तापलेला कातळ असतो हे खरंय, पण पावसात त्याच्यावर पाणी साचतं, शेवाळ धरतं, पावसाळा सरता सरता बोटभर उंचीची जांभळी-निळी फुलं येतात, कासला लोक तेच बघायला गर्दी करतात. झाड नाही, आडोसा नाही, धुकं आलं की चकवा लागलाच. तेव्हा चार महिने तरी सडा हाच मूरचा सख्खा भाऊ.

म्हणून भाचीला मी लिहिलं, 'घुमता सडा'. कोणी भाषांतर छापणार असेल तर 'घुमता माथा' करा, शहरातल्या वाचकाला तेवढं सोपं पडेल, पण मला विचाराल तर सडाच.

तासाभराने तिचा रिप्लाय आला. "मावशी, आई म्हणतेय घुमता एकदम फिट आहे, पण सडा म्हणजे रांगोळीच्या आधी अंगणात घालतात तो ना?"

मी कळवलं की तो सडा वेगळा, प्राजक्ताचा पडतो तो त्याच्या जवळचा, आणि सडाफटिंगमधला सडा अजून तिसरा, आईला म्हणावं हीथक्लिफला तो पण चालेल.