ऑनलाइन पदवी असली की कंपन्या नाक मुरडतात का?

नोकरी सांभाळून डेटा सायन्सची ऑनलाइन एमएससी केली तर भरतीच्या वेळी ती दुय्यम ठरेल का, असं तुम्ही विचारलंय. तांत्रिक पदांच्या मुलाखती घेणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

पहिली नजर जाते ती पदवी कोणी दिली याकडे. कॉलेजात न जाता पदवी घेणं ही काही आजची गोष्ट नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना पदवीचा मार्ग खुला केला. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, तिच्या पदवी प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्दही नसतो. विद्यापीठ नावाजलेलं असेल तर वर्ग कुठे भरत होते, हे आमच्या पॅनेलवर कुणी विचारत नाही.

घोडं अडतं ते मान्यतेपाशी. निवड झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे उमेदवाराने दिलेल्या माहितीची पडताळणी होते. एका चांगल्या उमेदवाराची ऑफर मी तिथे थांबलेली पाहिली आहे. विद्यापीठाच्या वेबसाइटवर मान्यतेचा शिक्का ठळक होता, पण तो शिक्का देणारी संस्थाच कुठल्या अधिकृत यादीत नव्हती. त्या मुलाने अभ्यास मनापासून केला होता, म्हणून फार वाईट वाटलं. तेव्हा फी भरण्याआधी उच्च शिक्षणाच्या नियामकाच्या (भारतात यूजीसीच्या) यादीत विद्यापीठ स्वतः शोधा, विद्यापीठाने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका. तो अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी आहे का, तेही बघा. परदेशात जायचा विचार असेल तर तिथे ही पदवी चालते का, हेही आधीच विचारून घ्या.

पुढचं सगळं मुलाखतीवर. ऑनलाइन शिकलेल्या एका मुलीने कंपनी सोडून जाणारे ग्राहक ओळखण्याचा प्रोजेक्ट केला होता. पहिलं मॉडेल, म्हणजे कोण सोडून जाईल याचा अंदाज बांधणारा पहिला प्रोग्राम, का टाकून दिलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “सोडून जाणारे मुळात थोडेच असतात. कुणीच जाणार नाही असं सांगणाऱ्या मॉडेलचीही अचूकता भरपूर दिसते. म्हणून खरोखर गेलेल्यांपैकी किती जण पकडले, ते मोजलं.” या उत्तरानंतर तिच्या पदवीविषयी एकही प्रश्न आला नाही.

नर्सिंगसारख्या क्षेत्रांचं गणित वेगळं आहे. तिथे परवान्यासाठी प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे तास लागतात, ते भरून निघणार नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. अगदी फ्रेशर असाल तर कॅम्पस प्लेसमेंट आणि सिनियर्सच्या ओळखी नसतात, ही उणीवही खरीच आहे. तुमच्याकडे मात्र नोकरीचा अनुभव आहे. रेझ्युमेवर नोकरी आणि पदवी दोन्हींच्या तारखा स्पष्ट लिहा. दोन्ही एकाच वेळी निभावलंत हे आम्हाला लगेच दिसतं, आणि मला तरी ते फार मोलाचं वाटतं. फॉर्मवर शिक्षणाची पद्धत विचारली असेल तर ‘ऑनलाइन’ असंच भरा. ऑनलाइन शिकल्यामुळे सहसा कुणाला नाकारत नाहीत, पण पडताळणीत माहिती जुळली नाही तर हातातली ऑफरही जाते.