विंडोज ११ अपडेट झाल्यापासून लॅपटॉप लोगोवरच अडकतो, डेस्कटॉप येत नाही. फॉरमॅट करावा का?

फॉरमॅट अजिबात करू नका. अशा वेळी तुमच्या फाइल्स बहुतेक वेळा शाबूत असतात.

स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर तासभर तरी वाट पाहा. मध्येच बंद केल्याने बिघाड वाढतो. नुसता लोगोच फिरत असेल तर पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून एकदा चालू करून बघा. तरीही अडकला तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, पुन्हा चालू करा, लोगो दिसताच पुन्हा बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच निळ्या रंगाचा दुरुस्तीचा मेनू उघडतं.

तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. दर महिन्याचं अपडेट असेल तर 'क्वालिटी', मोठी नवी आवृत्ती आली असेल तर 'फीचर' निवडा. मोठी आवृत्ती साधारण १० दिवसांतच मागे घेता येते, म्हणून टाळाटाळ नको. याने जमलं नाही तर त्याच मेनूत 'स्टार्टअप रिपेअर' आहे.

मध्येच बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की, म्हणजे किल्ली, मागितली तर घाबरू नका. दुसऱ्या फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, बहुधा तिथे सापडेल. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे मागा. ही की हाती येईपर्यंत 'रीसेट'च्या (विंडोज नव्याने बसवण्याच्या) वाटेला जाऊ नका, आणि दुकानदार "सगळं उडवावं लागेल" म्हणाला तर आधी डेटा काढून द्यायला सांगा.

लॅपटॉप सुरू झाला की लगेच सेटिंग्जमधून अपडेट आठवडाभर थांबवा, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून परत बसेल.