जुन्या ओम्नीचं कूलंट गळतंय. घरी दुरुस्त होईल का, की रेडिएटरच बदलू?

बहुतेक वेळा घरी होतं. तुम्ही लिहिलंय की दर दोन-तीन दिवसांनी पाणी भरावं लागतं, गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतो आणि शेजारी हळद टाका म्हणतात. दोन्ही थांबवा. आधी पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, जातंय कुठून ते शोधा. मी स्वतः जुनी ओम्नी वापरतो आणि तिचं हे काम घरीच करतो.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. गळलेलं पाणी गरम इंजिनवरच वाळतं, खाली अनेकदा थेंबही पडत नाही. म्हणून गाडी पूर्ण थंड झाल्यावर सीट उचला, टॉर्च मारा आणि ओल नाही, डाग शोधा. कूलंट वाळलं की हिरवट-पांढरी पूड राहते. होजची (पाण्याच्या रबरी नळ्यांची) टोकं, क्लिपच्या कडा, थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) झाकणाचा सांधा नीट बघा. होज बोटांनी दाबा. लिबलिबीत लागला, टोकाशी फुगलेला असला किंवा वाकवल्यावर बारीक चिरा उघडल्या, तर तो गेला. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथून ओघळ आलेला असेल तर पंपाचं सील संपलंय. ते भोक एम-सीलने बुजवू नका, सील गेल्याचं कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

कुठेच डाग नसेल तर रेडिएटरच्या कॅपकडे वळा. लोक हिला विसरतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात स्वस्त वस्तू हीच. कुकरच्या शिट्टीसारखंच तिचं काम, आत दाब धरून ठेवायचा. ०.९ बारची कॅप धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं आणि आपण गळती शोधत बसतो. नवी घेताना जुनीवरचा आकडा जुळवून घ्या. इंजिन गरम असताना कॅपला हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

होज बदलताना जुना ओढून, पिळून काढू नका. ब्लेडने उभा चिरा, नाहीतर रेडिएटरचं तोंड तुटतं आणि मग खरोखरच रेडिएटर बदलावा लागतो. तोंडावरचा पांढरा थर पॉलिश पेपरने घासा. क्लिप टोकाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. गाडी एकदा गरम होऊन थंड झाली की क्लिप पुन्हा तपासा. काढलेलं कूलंट अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हळदीने बारीक भोक काही काळ बुजतं हे खरं, पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसते. गळतीची गाडी मग गरम होणारी गाडी होते. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही मानू नका. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी नळ्या चोंदतात. गाडीचा पुढचा भाग थोडा उंच करा, थंड इंजिनवर कॅप उघडी ठेवून गाडी सुरू करा आणि होज दाबत हळूहळू भरा. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा, इंजिन बंद करून निवू द्या आणि मगच कॅप लावा.

बुडबुडे थांबतच नसतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय धरा. मग गाडी चालवू नका, टो करून न्या. हेड काढायचं काम घरी करू नका.